बारा वर्षांचा लाल नमुना

"थांबा जरा, जीभ बोलून राहिली."

असं म्हणून काकाजी उजवा तळहात पसरायचे. त्यावर तूप, कढी, चहा, वरण, जे काही असेल त्याचा एक थेंब टाकायचा. तो थेंब ते चाटायचे, डावा डोळा मिटायचे आणि उघड्या डोळ्यानं छताकडे बघत बसायचे. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. मग डोळा उघडून ते निकाल द्यायचे, आणि तो निकाल म्हणजे निकाल. तुपात डालडा आहे म्हटलं की तूपवाला मुकाट्यानं डबा उचलून चालायला लागायचा. कढीची मेथी जळली म्हटलं की जिनं फोडणी दिली ती बाई पदर तोंडाला लावून आत जायची.

तुम्ही म्हणाल, असा एखादा चाखणारा प्रत्येक वस्तीत असतो. असेल बाप्पा. पण आमच्या काकाजींसारखा नसेल, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. भिलाईत आमच्या सेक्टरमध्ये विदर्भातून आलेली तीसेक मराठी घरं होती. पोलाद कारखान्यातले कारकून, फोरमन, दोन-चार अधिकारी. त्या तीस घरांत मुलीचं लग्न निघालं की आधी काकाजींना सांगायचं आणि मग भटजींना. कॅम्प-वनच्या बाजारातून नवी चहापत्ती आणली तर पहिला कप काकाजींच्या घरी जायचा. आमची स्वतःची जीभ आम्ही फक्त बोलायला ठेवली होती.

नोकरीत ते केमिस्ट होते. कारखान्याच्या लॅबमध्ये मी भंडाऱ्याहून बी.एस्सी. होऊन आलो तो त्यांच्या हाताखालीच. लॅबमध्ये चाखण्यासारखं काही नसायचं. कोळसा, चुनखडी, लोखंडाचा चुरा, वंगणाचं तेल. पण तिथेही त्यांचा कायदा हाच होता की जे दिसलं ते लिहायचं, आणि जे केलं नाही ते केलं नाही म्हणून लिहायचं.

पहिल्याच महिन्यात मी कोळशाच्या तीन नमुन्यांपैकी दोन वाटीत भाजून राख मोजली. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. तिसऱ्याचा आकडा मी पहिल्या दोघांच्या मधला टाकून दिला आणि डबा उघडला. काकाजींनी कागद वाचला आणि तिसऱ्या नमुन्याची भाजलेली वाटी दाखव म्हणाले. वाटी कुठून दाखवणार? मला वाटलं आता साहेबाकडे नेतील. तर त्यांनी कागद फाडला, माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसले आणि मी तो नमुना पुरा करेपर्यंत हलले नाहीत. त्यांचा डबाही तसाच बंद राहिला.

"'नाई केलं' लिवाले लाज वाटते का बे?" शेवटी म्हणाले. "खोटं लिवाले वाटली पायजे."

या स्वभावाचा त्यांना व्हायचा तो फायदा झाला. एका अधिकाऱ्यानं एकदा कोळशातल्या राखेचा आकडा जरासा खाली आणायला सांगितलं. काकाजींनी आपलं पेन त्याच्यापुढे धरलं आणि तुम्हीच लिहा, तुम्हीच सही करा म्हणाले. त्यांची बढती मग दोन वर्षं रस्ता चुकली. त्यांनी ज्यांना तराजू धरायला शिकवलं ते बंगल्यात राहायला गेले, आणि काकाजी आपल्या त्याच क्वार्टरमध्ये पेरूच्या झाडाला पाणी घालत राहिले. आमच्याकडे माणसाची किंमत क्वार्टरच्या खोल्यांवरून कळायची. काकाजींच्या बाबतीत तो हिशेब चुकायचा, म्हणून बंगल्यातले लोकही त्यांना जरा बिचकूनच असायचे.

ऐंशीच्या सुमारास लॅबमध्ये एक नवं यंत्र आलं. लोखंडाचा तुकडा आत ठेवला की त्यात काय काय आहे ते सांगणारं. ते बसवायला एक म्हातारा इटालियन आला. कारखाना रशियनांनीच उभारून दिलेला, त्यामुळे रशियन लोक आमच्या सवयीचे होते, बाजारातल्या भाजीवाल्याही त्यांच्याशी दोन-चार रशियन शब्दांत घासाघीस करायच्या. इटालियन मात्र आम्हाला नवा होता. यंत्राला उकाडा सोसत नाही म्हणून त्याच्यासाठी एसी खोली बांधली. माणसांना सोसतो, असं सरकारी मत होतं.

त्या म्हाताऱ्याला हॉस्टेलचं जेवण जाईना. एक दिवस त्यानं लॅबच्या शेगडीवर काचेच्या भांड्यात टमाट्याचा रस्सा केला आणि शेवया उकडल्या. काकाजींना वास आला. ते गेले, तळहात पसरला, चाटला, डोळा मिटला आणि इंग्रजीत सांगितलं की लसूण जळला आहे. म्हातारा लाल झाला. आम्हाला वाटलं यंत्र अर्धवट टाकून हा आता परत जातो. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा रस्सा केला, भांडं घेऊन काकाजींच्या टेबलापाशी आला आणि परीक्षेला बसल्यासारखा उभा राहिला. काकाजींनी मान हलवली. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली ती यंत्र चालू होईपर्यंत. काकूंच्या हातची झुणका-भाकर त्यानं किती खाल्ली त्याला गणती नाही.

जाताना त्यानं काकाजींना एक बाटली दिली. काळसर लाल दारूची. चिठ्ठीवर एका घराचं आणि द्राक्षाच्या वेलांचं चित्र होतं, खाली कोणाला न वाचता येणारं नाव. त्याच्या गावाजवळचा मळा होता म्हणे. एकच घराणं तीन पिढ्या तिथे वाइन करतं, आणि त्या मळ्याचं नाव घेताना लोक टोपी काढतात. हे त्यानं स्वतःची टोपी काढून दाखवलं. मग गालाखाली हात ठेवून सांगितलं की हिला आडवी झोपवा, थंडाव्यात, अंधारात. आणि आधी दहा बोटं दाखवली, मग दोन. बारा वर्षं उघडायची नाही. तेव्हा ती खरी होईल.

काकाजी दारू पिणाऱ्यांपैकी नव्हते. पण चव ही गोष्ट बारा वर्षं वाढत राहते, हे ऐकून ते खुळेच झाले. बाटली घेऊन ते घरी गेले आणि तशीच घेऊन परत आले. काकूंनी उंबऱ्यावरच सांगितलं होतं, "घरात देव हायेत. हे बाई इथं नाई राहणार."

मग बाटली एसी खोलीत, यंत्राच्या मागच्या कपाटात आडवी झाली. काकाजींनी तिला चिठ्ठी बांधली. नमुना: द्रव, लाल. तपासणी: बारा वर्षांनी. हलवू नये. आणि पाळी बदलताना जी वही भरायची, तिच्यात एक ओळ वाढली, "लाल नमुना जागेवर आहे". बारा वर्षं ही ओळ रोज तीनदा लिहिली गेली. नवी पोरं लागायची, त्यांना वाटायचं काही भयंकर ॲसिड असेल. वीज गेली की आम्ही सगळे यंत्राकडे धावायचो आणि काकाजी ओलं पोतं घेऊन कपाटाकडे. मे महिन्यात भिलाईत लोखंड वितळवायला भट्टीची गरज काय असा प्रश्न पडतो, पण त्या बाटलीला काकाजींनी ऊन लागू दिलं नाही.

आणि बारावं वर्ष उजाडलं तेव्हा काकाजींची जीभ गेली.

म्हणजे बोलायची नाही. त्यांना मोठा ताप आला, वीस-बावीस दिवस अंथरुणात होते. उठले तेव्हा तोंडाला चव नव्हती. येईल येईल म्हणून वाट पाहिली. एक दिवस काकू वरणात मीठ घालायला विसरल्या. स्वतः जेवायला बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. काकाजी तोवर दोनदा वरण घेऊन, हात धुऊन पेपर वाचत बसले होते.  काकूंनी उरलेलं वरण तसंच बिनमिठाचं खाल्लं, असं त्यांनी मला पुढे सांगितलं.

मला कळलं ते गणपतीत. मंडळाचा महाप्रसाद होता. खुर्सीपारचा एक आचारी भाजी करत होता, वांग्याची, मोठ्या कढईत. नेहमीप्रमाणे काकाजींना बोलावलं. त्यांनी तळहातावर थेंब घेतला, चाटला, पण छताकडे बघायच्या ऐवजी ते आचाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, मीठ कमी आहे. आचाऱ्यानं मीठ बरोबर टाकलं होतं. पण काकाजी म्हणतात म्हटल्यावर त्यानं आणखी दोन मुठी टाकल्या.

ती भाजी अख्ख्या सेक्टरनं खाल्ली. एक माणूस बोलला नाही. उलट, आज भाजीला काय चव आहे, असं जो तो म्हणत होता आणि पाण्याच्या पिंपाकडे पळत होता. दोन पिंपं संपली, तिसरं मागवलं. मुख्य पाहुणे म्हणून आलेल्या अधिकाऱ्यानं तर भाजी वाढून घेतली आणि पाच गिलास पाणी प्यायला. आपल्या जिभेचंच काहीतरी बिघडलं, असं प्रत्येकाला वाटलं असणार. काकाजी मांडवाच्या कोपऱ्यात उभे राहून ती पिंपं बघत होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी मला दार लावायला सांगितलं.

"काल मी खोटा निकाल देला," ते म्हणाले. "मले चवच लागत नाई आता. तापापासून. साखर काय अन् मीठ काय, माती खाऊन राहिलो समज."

मी काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. आता कोणाचं काही चाखायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. निवृत्तीला आठ महिने होते. आठ महिने उपास, दातदुखी, पित्त काहीही सांगून काढायचे आणि नागपूरला मुलाकडे निघून जायचं. लोकांना कळू द्यायचं नाही. मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला, खरं सांगतो. आम्हाला एकेका आकड्यासाठी उपाशी बसवणारा माणूस हा. पण मग मला ती कढई आठवली आणि वाटलं, तीस वर्षं ज्याच्या एका थेंबावर लोक जेवले, त्यानं आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

सात महिने निभावले. आठव्या महिन्यात मोठे साहेब इटलीहून परत आले.

हे साहेब आमच्याच नागपूरचे. तीन महिने ट्रेनिंगला गेले होते, पण आल्यापासून त्यांचं प्रत्येक वाक्य "इटलीत असताना" पासून सुरू व्हायचं. इटलीत असताना असं ऊन नव्हतं. इटलीत असताना फायली वेळेवर यायच्या. चहाला आमच्यासमोर त्यांनी एकदा "इटलीत असताना सकाळी अकरानंतर दूध नाही" असं सांगितलं आणि कँटीनवाला दोन दिवस चिंतेत होता. ते लॅब बघायला आले, एसी खोलीत आरामात जरा जास्तच थांबले, आणि त्यांची नजर कपाटात गेली.

बाटलीवरची मळ्याची चिठ्ठी त्यांनी वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही देवळातली मूर्ती चपला ठेवायच्या फळीवर ठेवली होती. हा मळा म्हणजे काय, हे तुम्हाला कळणार नाही, म्हणाले. इटलीत असताना त्यांना या मळ्याचं फक्त फाटक दाखवलं होतं. फाटकसुद्धा त्यांना फार आवडलं होतं.

त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. काकाजींचा निरोप समारंभ अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये होईल, ही बाटली तिथे उघडली जाईल, आणि अखेरचा निकाल काकाजींची प्रसिद्ध जीभ देईल. काकाजी दातदुखी म्हणाले. साहेब म्हणाले, वाइन चावायची नसते.

समारंभाच्या आदल्या रविवारी काकूंनी मला चहाला बोलावलं. काकाजी खुर्चीत पेपर उघडून बसले होते. पान उलटलं जात नव्हतं.

"भाऊ, तुमी यांच्या आधी चाखजा," काकू म्हणाल्या. "चांगली असली तर चष्मा काढजा. बिघडली असली तर रुमाल काढजा. हे तुमच्याकडं पाहतीन अन् तसं सांगतीन. इतके वर्षाचं नाव हाये, एक दिवस निभवून द्या."

मी काकाजींकडे पाहिलं. ते हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. पेपरच्या मागे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त बोटं दिसत होती. मी काकूंना हो म्हटलं. भिलाईला निघालो त्या दिवशी आईनं माझा हात देवाच्या पाटावर ठेवून दारूला तोंड लावणार नाही असा शब्द घेतला होता, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. एका घोटानं काय होतं, असंही मनात आलं. माझ्या आईला विचारायला पाहिजे होतं.

बाटली उघडायची कशानं, हा प्रश्न आला. अख्ख्या भिलाईत तसला मळसूत्री आकडा मिळेना. क्लबमध्ये नव्हता, तिथे सगळ्या बाटल्या हातानं फिरवून उघडायच्या असत. शेवटी माझ्या ओळखीच्या माणसाचा जवळच हथखोजला छोटा कारखाना होता, त्यानं लेथवर एक आकडा करून दिला. असा दणकट की त्यानं बाटलीचं बूच काय, विहिरीचा पंप उपटला असता.

समारंभ संध्याकाळी पाचला सुरू झाला. तीस माणसं. पुढच्या रांगेत बंगलेवाले, मागे क्वार्टरवाले, सगळ्यात शेवटी भिंतीला लागून मी. मधे टेबलावर पांढरी चादर आणि चादरीवर बाटली. साहेबांनी इटलीवर पाऊण तास आणि काकाजींवर पाच मिनिटं भाषण केलं. मग काकाजींना म्हणाले, करा सुरुवात.

काकाजी उठले. त्यांनी चिठ्ठी सोडवली, घडी करून खिशात ठेवली. मग बाटली दोन्ही हातांत घेतली, आणि लॅबमध्ये कोणताही द्रव नमुना घेण्याआधी जे करायचं असतं ते केलं. बाटली उलटी, सुलटी, उलटी, सुलटी, चांगली वीस वेळा, दंडाला घाम येईपर्यंत. तळाशी बसलेलं सगळं सारखं मिसळलं पाहिजे, नाहीतर वरच्याला एक आणि खालच्याला दुसरं असा नमुना जातो, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. मी भिंतीपासून समाधानानं मान हलवत होतो. आमच्या लॅबचे सगळेच हलवत होते.

पुढे कित्येक वर्षांनी मला कळलं की जुन्या वाइनच्या तळाशी गाळ बसतो, आणि तो हलू नये म्हणून लोक बाटलीशी श्वास रोखून वागतात. बारा वर्षं आम्ही तिला तळहातावरच्या फोडासारखी जपली, आणि शेवटच्या मिनिटाला ढवळून काढली. साहेब इटलीत तीन महिने राहून आले होते, त्यांनी तरी अडवायचं. ते म्हणाले, "बघा, माहितगार माणूस."

बूच निघालं. काकाजींनी लॅबमधलं मोजपात्र आणलं होतं. माणशी पंचवीस मिली, सगळ्यांना सारखं. क्लबच्या सेक्रेटरीला घाम फुटला. साहेबांना आणि भिंतीजवळच्याला सारखंच कसं? दबक्या आवाजात बोलणी झाली आणि साहेबांना पन्नास, पुढच्या रांगेला तीस, मग उतरत्या क्रमानं असं ठरलं. माझ्यापर्यंत येता येता बाटलीत चिखल उरला होता. काकाजींनी आपल्यातली अर्धी माझ्या गिलासात ओतली. ओतताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आधी साहेबांनी गिलास गोल फिरवला, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. त्यांना काळी मिरी लागली, चामडं लागलं, जुनं सागवानी कपाट लागलं आणि पावसाळ्यातलं जंगल लागलं. मग मानाप्रमाणे एकेकाला लागू लागलं. त्यांच्या हाताखालच्याला मिरी, चामडं आणि कपाट लागलं, जंगल मात्र थोडंसंच. त्याच्या खालच्याला मिरी आणि चामडं. मधल्या रांगेपर्यंत नुसती मिरी उरली, आणि मागच्या रांगेला साहेब म्हणतात तसंच लागलं. एकाच्या दाताखाली काहीतरी करकरलं. तो दचकून साहेबांकडे बघायला लागला. साहेबांच्याही दातांवर काळे कण दिसत होते. "हेच तर सत्त्व आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी ते सत्त्व चावून गिळलं.

मग सगळे काकाजींकडे वळले.

काकाजींनी तळहात पसरला. त्यावर एक थेंब टाकला, चाटला आणि डोळा मिटला.  मी गिलास ओठांपर्यंत नेला. वास आला, आणि वासाबरोबर आईचा तो हात, माझ्या मनगटावरचा, घट्ट. मी प्यायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. ओठ उघडेनात. मी चष्म्याला हात लावला नाही, रुमालालाही लावला नाही. खोटा इशारा द्यावा हेही सुचलं, पण कोणता द्यायचा? नुसता गिलास तोंडाला लावून मी उभा राहिलो, आणि काकाजींचा उघडा डोळा छताकडे नव्हता, माझ्यावर होता. किती वेळ होता ते सांगत नाही. मला तो फार वाटला.

मग त्यांनी दोन्ही डोळे उघडले आणि हात धोतराला पुसला.

"मले चव लागत नाई," ते म्हणाले. "वर्ष झालं. हिच्यावर माझा निकाल नाई."

 मला वाटलं जमीन फाटावी. गणपतीतल्या भाजीचा उल्लेख करायलाही त्यांनी तोंड उघडलं होतं, मला कळत होतं, ते आज सगळंच सांगून मोकळे होणार होते. पण तेवढ्यात साहेबांनी जोरात टाळी वाजवली.

"वा. हिच्यानंतर कशालाच चव लागणार नाही, असं म्हणायचंय त्यांना. इटलीतही इतकं सुंदर कोणी बोललं नाही."

आणि मग टाळ्या सुरू झाल्या. काकाजी हात वर करून म्हणत होते, नाही साहेब, खरंच लागत नाही, तापापासून गेली. टाळ्या आणखी वाढल्या. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, कोणीतरी नारळ हातात दिला. विनयाचा कळस, असं पुढच्या रांगेतला एक जण दुसऱ्याला सांगत होता. काकाजी नारळ धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, की एखाद्याला तरी कळलंय का. कळलेला एकच माणूस भिंतीजवळ होता आणि तो खाली बघत होता. माझा गिलास मी भिंतीजवळच्या कुंडीत ओतला.

घरी आम्ही सायकली हातात धरून चालत गेलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "खरं सांगतलं तरी कोणी घेत नाई, बे."  इशारा का दिला नाही, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

महिन्याभरात ते नागपूरला गेले. सेक्टरमध्ये ते वाक्य मात्र राहिलं. लग्नात जिलबी चांगली झाली की लोक म्हणायचे, काकाजींची चव गेली असती. त्या दिवशी तिथे नसलेलेही सांगायचे की आम्ही तिथे होतो. साहेबांनी तर ते इंग्रजीत करून पुढच्या साहेबाला सांगितलं.

मला त्यांच्याकडे जायला चार वर्षं लागली. कामं होती, असं मी सांगत असे. काम काही नव्हतं, मला त्यांच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. शेवटी काकूंचं पत्र आलं की तब्येत बरी नाही, एकदा येऊन जा.

मुलाच्या घरी मागच्या खोलीत ते पलंगावर होते. फार बारीक झाले होते. चव परत आली नव्हती. काकू वाटीतून पातळ खिचडी भरवत होत्या आणि ते औषध घ्यावं तसे गिळत होते. बोलता बोलता काकू वाटी धुवायला आत गेल्या. काकाजींनी मला जवळ ओढलं.

"एक विचारू का? त्या दिवशी तुनं तर चाखली होती. कशी होती बे ती?"

चार वर्षांत त्यांनी कोणाला विचारलं नसणार. विचारून उपयोगही नव्हता, सगळ्यांनी मिरी आणि चामडं सांगितलं असतं. त्यांना कोणाचा तरी खरा निकाल हवा होता, आणि तो माझ्याकडे असेल अशी त्यांची खात्री होती. बारा वर्षं त्यांनी रोज जिच्यासाठी वहीत ओळ लिहवून घेतली, ती त्यांच्या जिभेवरून गेली होती आणि त्यांना कळलीसुद्धा नव्हती.

मी सांगितलं. आधी आंबट लागली, म्हटलं. मग तुरट, जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तशी. आणि गिळल्यावर, बऱ्याच वेळानं, मागून गोडी आली.

"मागून किती वेळानं?"

"पंधरा आकडे मोजेपर्यंत," मी म्हणालो.

 त्यांचं तोंड बंद होतं, पण आत जीभ फिरत होती, ते गालावर दिसत होतं. ते मोजत होते. पंधरा झाले असतील तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. हातात जोर मुळीच नव्हता.

"बरं झालं," ते म्हणाले. "एवढे वर्ष ठेवली. आपल्यातल्या एकानं तरी चाखली."

"हो," मी म्हणालो.